राजाच्या उंचीचा माणूस

अँब्रोज टली बसला की त्याचे डोळे नेमके बसलेल्या राजाच्या डोळ्यांइतके उंच येत. उभा राहिला तर तो राजापेक्षा वीतभर बुटका. पण उभ्याने त्याला कोणी विचारतच नव्हतं.

तरुणपणी नऊ वर्षं तो जहाजांवर होता. गुडघा मोडल्यावर व्हाइटहॉल राजवाड्यात दोर ओढायला लागला. हिवाळी सणात तिथे दरबारी खेळ होत. ढगांतून देवता उतरत, डोंगर दुभंगून सरदार नाचत बाहेर येत. ढग दोरांवर चालत, आणि दोरांपाशी अँब्रोज. त्याला दिसे ती देवतेची टाच, ढगांची पाठ, गोणपाट, खळ.

फक्त खेळाच्या आदल्या दुपारी त्याला समोर बोलावत. चित्रकार लव्हेल मास्तरांच्या रंगीत फळ्या खाचांतून एकामागे एक सरकत. त्यांच्या रेघा अख्ख्या दालनातल्या एकाच जागेवरून जुळत. ती जागा राजाच्या खुर्चीची. तिथून रस्ता खरोखर दूर जाई, समुद्र आभाळाला टेके. हातभर बाजूला बसलेल्या राणीला तोच समुद्र कलंडलेला दिसे. दरबाऱ्यांना नुसत्या फळ्या दिसत. ते राजाचा चेहरा बघून नवल करत.

खुर्ची यायच्या आधी तिथे एका पेटीवर अँब्रोज बसे आणि मास्तरांना सांगे, आत, बाहेर, अजून थोडी. अकरा हिवाळे राजाचं जग त्यानेच जुळवून दिलं होतं. बाकीचं वर्ष तो त्या एका दुपारच्या आठवणीवर काढी. जहाजावरचा समुद्र कामाचा होता. हा नुसता होता.

बाराव्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या डोळ्यांत दूध साचलं होतं. त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. दोर हाताला दिसतात.

"चला महाराज, सिंहासन वाट बघतंय," दोरांवरचा जोडीदार बार्नबी म्हणाला. "आमच्या नशिबी टाचाच."

"धुतलेल्या असतात, तेवढं बघ."

तो पेटीवर बसला. समोर धुकं होतं, आणि धुक्यात कुठेतरी निळं काही.

"पाणी देवळाच्या पायरीला लागतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"डावी फळी थोडी आत." मागच्या साली त्याने हेच सांगितलं होतं.

फळी घासत सरकली. "आता?"

"आता लागलं."

"झालं तर. फळ्या हलू नयेत, पाचरी ठोका रे."

बार्नबीने हातोडा उचलला. अँब्रोज त्या निळ्याकडे बघत राहिला. ते इतकं मऊ होतं की त्याला खरं मानायला काहीच हरकत नव्हती.

"थांबा मास्तर," तो म्हणाला. "मला दिसत नाही."

"कधीपासून?"

"सुगीपासून."

मास्तरांनी हात वर करून बार्नबीला थांबवलं. "राजाला मोडका समुद्र दाखवला असतास तू."

"म्हणून तर बोललो."

दुसरा कोणी त्या उंचीचा नव्हता. कोपऱ्यात मास्तरांच्या हाताखालची पोर थॉमसिन लाकडी चांदण्यांना सोन्याचा वर्ख लावत होती. अँब्रोजने तिला हाक मारली.

"मी? तिथे? माझ्या कपड्यांना सगळं सोनं लागलंय."

"राजाच्याही कपड्यांना लागलेलं असतं. बस."

त्याने तिच्याखाली एक उशी सरकवली, मग दुसरी. शेजारी उकिडवं बसून तिच्या डोळ्यांशी तळहात आडवा धरला. एक उशी काढली. ती उंची त्याच्या हाडांत होती.

"फळ्या बघू नकोस," तो म्हणाला. "त्यांच्या पलीकडे बघ."

"पलीकडे भिंत आहे, काका."

"असू दे."

"डावी बाहेर," थॉमसिन म्हणाली. "अजून. आता उजवी, अगदी केसभर…"

आणि ती बोलायची थांबली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "जुळलं का? अगं, बोल."

"त्या तिकडे," ती हळूच म्हणाली, "कोणी राहत असेल का हो?"

"ठोका पाचरी," अँब्रोज म्हणाला.

हातोडा वाजू लागला. ती उठेना. त्यानेही तिला उठवलं नाही.