नेनेसरांचं अस्वल

आखातात राहणाऱ्यांच्या घरी रिकामे डबे आणि एकमेकांचे किस्से फार साठतात. डबे निदान कुणाला तरी देऊन टाकता येतात. किस्से मात्र दर शुक्रवारी पुन्हा बाहेर निघतात आणि प्रत्येक वेळी थोडे वाढूनच निघतात. ओमानमधल्या सोहारला आमचा धनुष्यबाणाचा एक ग्रुप आहे. त्याच्याकडे तर इतका स्टॉक झालाय, की कुठला आधी सांगावा कळत नाही. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या नेनेसरांचे आहेत, तेव्हा त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

नेनेसर आमच्या प्लांटमधले सीनियर शिफ्ट मॅनेजर. मी तिथेच लॅबमध्ये आहे. सर मूळचे पुण्याचे, शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे त्याच बेकरीवाल्याला दर वेळी नव्याने विचारणार. तर हे गृहस्थ यंदा रिटायर होऊन पुण्याला परतणार होते, आणि त्याआधी त्यांना अस्वलाची शिकार करायची होती. तीही बंदुकीने नाही, साध्या लाकडी धनुष्याने.

हे खूळ मॅकने घातलं. मॅक हा आमचा जुना कॅनेडियन बॉस. धनुष्य धरायला आम्हाला त्यानेच शिकवलं, तेही जुन्या पद्धतीचं, ज्याला चाकं नाहीत की नेम धरायची काच नाही. कॅनडाला परत जाताना त्याच्या सेंड-ऑफमध्ये तो नेनेसरांना म्हणाला, ये एकदा आमच्या जंगलात अस्वलाच्या शिकारीला. नेनेसर प्लेट खाली ठेवून उभे राहिले आणि पन्नास माणसांसमोर म्हणाले, "येणार. रिटायर व्हायच्या आधी येणार. शब्द देतो."

मीनाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, समोरच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "घरात पाल निघाली की मला हाक मारतात."

* * *

जाताना मॅक आम्हाला त्याचं प्रॅक्टिसचं अस्वल देऊन गेला. फोमचं, काळं, चांगलं गुबगुबीत. आम्ही प्रॅक्टिस करायचो खाबुऱ्याला, सालिमच्या खजुराच्या बागेत. सालिम म्हणजे बागेचा मालक, म्हणून त्याला सगळे अर्बाब म्हणतात. वय नेनेसरांएवढंच, हिंदी झकास बोलतो.

तर अस्वल सोहारहून खाबुऱ्याला न्यायचं होतं. ते डिकीत मावेना. शेवटी नेनेसरांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि वळणावर कलंडू नये म्हणून सीटबेल्ट लावला. शेजारी अंतोन. अंतोन वसईचा, सोहारच्या एका हॉटेलात शेफ आहे. माणूस आणि अस्वल असे खांद्याला खांदा लावून निघाले.

वाटेत पोलिसाने गाडी थांबवली. नेनेसरांनी काच खाली केली, लायसन्स काढलं, चेहऱ्यावर घाम. पोलिसाने वाकून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने अंतोनला बेल्ट लावायला सांगितलं आणि गाडी सोडली.

अस्वलाने लावलेलाच होता.

* * *

दुसऱ्या आठवड्यात जाऊन पाहतो तर अस्वलाचे दोन्ही कान गायब. सालिमच्या बकऱ्यांनी खाल्ले होते. नेनेसर हवालदिल झाले, कारण मॅकचा पहिलाच नियम असा, की अस्वल लहान की मोठं ते कानांवरून ओळखायचं. कान मोठे दिसले तर पिल्लू, डोक्याच्या मानाने लहान दिसले तर मोठं जनावर.

सालिमला त्यात काही गंभीर वाटेना. "कान गया, जान तो नहीं गया ना? यल्ला, मारो."

नेनेसर पुढे वर्षभर बिनकानाच्या अस्वलावर नेम धरत होते. अंतोन म्हणायचा, "सर, या हिशेबाने हे जगातलं सगळ्यात मोठं अस्वल आहे."

* * *

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "सर, खरंच मारणार?"

ते बाणाची पिसं नीट करत होते. म्हणाले, "शुभा, नोकरीतली सगळी वर्षं मी प्रत्येक गोष्ट प्रोसीजर वाचून केली. घरी मिक्सर आणला तरी आधी मॅन्युअल वाचतो. एकदा तरी असं काही करायचंय जे मी करीन असं कुणालाच वाटत नाही. मलासुद्धा."

हे ते थट्टेत बोलले नव्हते. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार वाटलं. त्यांची थट्टा आम्ही चालूच ठेवली, पण अडवलं कुणीच नाही.

* * *

नेनेसरांचा एक नियम मात्र आधीच सांगायला हवा, कारण प्लांटमध्ये तो सगळ्यांना माहीत आहे. जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं नाही. त्यांच्या घरात ही शिस्त लहानपणापासूनची आणि त्यांनी ती जशीच्या तशी कंट्रोल रूममध्ये आणली.

एकदा मस्कतहून ऑडिटर आले होते. त्यांना ऑपरेटर खमीसला चार प्रश्न विचारायचे होते, तेही ताबडतोब. खमीस पॅन्ट्रीत बसून भात-मासे खात होता. नेनेसर पॅन्ट्रीच्या दारात आडवे उभे राहिले. "ही इज ईटिंग."

ऑडिटर म्हणाले, दोनच मिनिटं. नेनेसर म्हणाले, "ही इज ईटिंग."

मुख्य ऑडिटर चिडून फाइल उघडून उभा राहिला. नेनेसरांनी आत जाऊन एक खुर्ची आणली, त्याला बसवलं आणि त्याच्याही हातात एक प्लेट दिली. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी त्या ऑडिटरचं जेवण संपायची वाट पाहिली.

* * *

अस्वलाची शिकार मचाणावरून करतात, आणि मचाणावर तासन्‌तास हलायचं नसतं. ही प्रॅक्टिस म्हणून नेनेसर सालिमच्या बागेतल्या मोठ्या गाफच्या झाडावर चढून बसले. गाफ म्हणजे इथलं आपल्या शमीसारखं झाड. मीनाताईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उतरता येईल ना त्यांना?"

नेमकं त्या दिवशी सालिमकडे पाहुणे आले. झाडाची सावली चांगली म्हणून त्यांनी खालीच चटई टाकली. खजूर आले, कहवा आला, गप्पा रंगल्या. वर नेनेसर दगडासारखे. आता खाली उतरायचं म्हणजे पाहुण्यांच्या मधोमध उतरायचं.

पाहुण्यांना पत्ताही लागला नाही. नेनेसर मनातून खूश झाले. तेवढ्यात सालिम वर न बघताच म्हणाला, "नेने, कहवा?"

नेनेसरांना वाटलं ही परीक्षा आहे. ते गप्प राहिले. सालिमने मग विहिरीवरची बादली मागवली, दोर फांदीवरून टाकला आणि कहव्याचा कप नि खजूर वर पाठवले. शिकार वगैरे ठीक आहे, पण आपल्या जागेत आलेला माणूस उपाशी बसलाय हे त्याला चालणार नव्हतं. पाहुणे वर बघत राहिले. त्यांना सालिमने काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

* * *

मग वासाची भानगड. अस्वलाचं नाक भयंकर तिखट, त्यामुळे अंगाला कसलाही वास नको. नेनेसरांनी महिनाभर सुगंधी साबण सोडला. शिकारीचं जॅकेट नुसत्या पाण्याने धुऊन गच्चीत वाळवलं आणि हवाबंद पिशवीत ठेवलं. लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर जायला लोक कचरायला लागले.

निघायच्या आदल्या शुक्रवारी ते जॅकेट घालून दाखवायला बागेत आले. सालिमचे डोळे भरून आले. दूरच्या प्रवासाला निघालेल्या मित्राला इथे रिकाम्या हाताने निरोप देत नाहीत. त्याने आतून धूपदाणी आणली, त्यात लोबान टाकला आणि जॅकेटची एकेक बाही धरून छान धुरी दिली. कॉलरच्या आतून. खिशांतून.

नाही कसं म्हणणार? नेनेसर हात पसरून उभे राहिले. अंतोन माझ्या कानात म्हणाला, "अस्वलाला वाटेल लग्नाला आलेत."

मग सालिमने आम्हाला आत नेलं आणि मजलिसमधली, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीतली, भिंत दाखवली. तिथलं कॅलेंडर त्याने काढलं होतं. खिळा रिकामा ठेवला होता. "नेने और उसका दुब्ब. फोटो इधर लगेगा, इन्शाल्ला." दुब्ब म्हणजे अस्वल.

नेनेसर त्या खिळ्याकडे बघत राहिले.

* * *

मीनाताईंनी बरोबर बेसनाचे लाडू दिले. इतक्या वर्षांच्या संसारात असा एकही लाडू झालेला नाही, जो हातात घेऊन नेनेसर "तूप जरा कमी पडलंय" म्हणाले नाहीत. म्हणतात आणि खातात. मीनाताईंनी उत्तर देणं कधीच सोडून दिलंय.

मॅकने मचाणावर खाण्याचं काहीही न्यायला सक्त मनाई केली होती. नेनेसरांनी तो मेसेज आम्हाला वाचून दाखवला. मग म्हणाले, "लाडू म्हणजे काही जेवण नव्हे."

* * *

नेनेसर परत आले आणि ग्रुपवर चकार शब्द नाही. फोटो नाही, अंगठा नाही. शुक्रवारी आम्ही सगळे सालिमच्या मजलिसमध्ये जमलो. मीनाताईही आल्या होत्या, कारण त्यांनाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

आमच्या प्लांटमध्ये प्रत्येक शटडाउननंतर 'लेसन्स लर्न्ड'ची मीटिंग होते. काय चुकलं, काय शिकलो, ते सगळं सांगायचं. नेनेसर तशाच आवाजात उभे राहून बोलायला लागले. "पहिला धडा. पायमोजे लोकरीचेच घ्यावेत. दुसरा. झाडावर बसण्याआधी वारा कुठून येतो ते पाहावं, बसल्यावर पाहून उपयोग नाही. तिसरा. सरावाच्या अस्वलाला कान असावेत."

"सर," अंतोन म्हणाला, "अस्वल आलं का?"

"तिकडेच येतोय."

शेवटच्या दिवशी आलं. त्याआधीचे सगळे दिवस नुसते बसण्यात गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. ऊन उतरलं होतं. मॅकने आमिषाचा ड्रम समोर ठेवला होता, पण अस्वल त्याच्याकडे फिरकलंच नाही. वर नाक करून हुंगलं आणि सरळ नेनेसरांच्या झाडाकडे निघालं. कान लहान दिसत होते, म्हणजे मोठं जनावर. नेनेसरांनी धनुष्य ताणलं. ताणताना मांडीवरचा डबा घसरला, खाली पडला आणि उघडला.

"लाडू?" मीनाताईंनी विचारलं.

"लाडू. सगळीकडे झाले. ते आधी दचकून मागे पळालं. मग परत आलं आणि खायला लागलं. माझ्याकडे पूर्ण बाजू करून. पुढचा पाय पुढे. मॅकने सांगितलं होतं ना, तसंच. अगदी तसंच. माझा हातही थरथरत नव्हता. मी सोडला असता तर बाण बरोबर बसला असता, हे मला आत्तासुद्धा माहीत आहे."

"मग?" सालिमने विचारलं.

"मग काय," नेनेसर म्हणाले. "खात होतं ते."

नेनेसरांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"म्हटलं, संपवू दे. मग बघू. त्याचं संपलं. त्याने वर पाहिलं." नेनेसरांनी खिशावर हात ठेवला. "माझ्या खिशात एक होता."

मॅक नंतर खूप चिडला. जंगलातल्या जनावराला असं खायला घालायचं नसतं, त्याला माणसाची सवय लागते, आणि ते त्याच्याच जिवावर बेततं. नेनेसर म्हणाले, त्याचं बरोबरच होतं, आणि हा चौथा धडा. मग ते खाली बसले. मीटिंगचा आवाज गेला होता. "एकच संधी होती. पन्नास माणसांसमोर शब्द दिला होता. अर्बाब, तुमचा खिळा रिकामाच राहिला. मला वाईट वाटतं."

मीनाताई इतका वेळ दुसऱ्याच विचारात होत्या.

"सगळे खाल्ले?"

"सगळे."

"तूप कमी आहे म्हणालं नाही ना?"

नेनेसर पहिल्यांदा हसले. मग त्यांनी फोन काढून सालिमच्या हातात दिला. मॅक त्यांना न्यायला येत होता तेव्हा त्याने लांबून एक फोटो काढला होता. धनुष्य फांदीला टांगलेलं. नेनेसर मचाणावरून वाकलेले, हात पुढे केलेला. खाली अस्वल चक्क बसलेलं, तोंड वर.

सालिमने तो फोटो खूप वेळ पाहिला. मग तो स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला.

* * *

नेनेसर आता पुण्यात आहेत. मागच्या शुक्रवारी आम्ही बागेत गेलो तेव्हा मजलिसमध्ये सालिमचे मस्कतचे पाहुणे बसले होते. फोटो त्या खिळ्यावर आहे, मोठा करून, चांगल्या सोनेरी फ्रेममध्ये. पाहुण्यांपैकी तिथल्या रुवीच्या बाजारात दुकान असलेले एक गुजराती शेठ उठून जवळ गेले, चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "अर्बाब, ये कौन है?"

सालिम कहवा ओतत होता. त्याने वर न बघताच सांगितलं.

"ऊपर मेरा दोस्त नेने है. नीचे उसका मेहमान."