आठ कड्यांचा ढोलक

आमच्या घरमालकांच्या हाताला जी वस्तू लागली ती वाजलीच. या नियमाला निदान लातूर शहरात तरी अपवाद नव्हता. सिलिंडरमध्ये गॅस किती उरला, गच्चीवरची टाकी कुठवर भरली, डब्यात साखर आहे की नुसत्या मुंग्या, हे सगळं ते बोटांनी वाजवून सांगत. कलिंगड आणायला निघाले की सोबत जाणाऱ्यानं घरी निरोप ठेवूनच जावं, कारण ढिगातली सगळी कलिंगडं वाजवून होईपर्यंत ते कुणाचं ऐकत नसत, आणि शेवटी "ह्या सगळ्यात एकच सुरात हाय, पन ते कच्चं हाय" असं विक्रेत्याला ऐकवून रिकाम्या हातानं परत येत. मी भोकरहून लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला आलो आणि त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेलो, तेव्हा माझं नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या पत्र्याच्या पेटीवर दोन टिचक्या मारल्या. "पुस्तकं हायत, कपडे कमी हायत. माणूस बरा दिसतो," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी त्यांना त्याच दिवसापासून चाचा म्हणू लागलो. ते मला आजतागायत सर म्हणतात, रागावतानासुद्धा.

चाचांनी उभी हयात लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवण्यात घालवली. आधी ढोलक, मग काँगो, मग काठ्यांनी वाजवायचा ऑक्टोपॅड. पण गल्लीत त्यांचं नाव झालं ते भूकंपानंतर. लोक घरात झोपायला तयार नव्हते, आणि सरकारी इंजिनियर काही लवकर येईना. तेव्हा चाचा घरोघर जाऊन भिंती वाजवत. डॉक्टर पाठीवर बोटं आपटतात तशी गिलाव्यावर बोटं आपटायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "ही बोलती हाय, हिच्याखाली झोपा. ही मुकी हाय, खाट लांब घ्या." पुढे इंजिनियर आले आणि त्यांनीही नेमक्या त्याच भिंतींवर खडूनं फुल्या मारल्या, असं गल्ली सांगते. भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणून मला यातलं निम्मं खोटं वाटतं. माझी खाट मात्र मी चाचांनी दाखवलेल्या भिंतीलाच लावली.

तेव्हापासून गल्लीत एक रिवाज पडला होता. मांडणीवरची भांडी आपोआप वाजू लागली की काय झालं, कसं झालं, काही विचारायचं नाही. हातातलं टाकून शाळेच्या पटांगणावर पळायचं आणि माणसं मोजायची. मोजण्याचं काम समोरच्या शिलाईवाल्या मावशींकडे होतं. मावशी औशाकडच्या एका गावातून भूकंपानंतर एकट्याच लातूरला आल्या होत्या. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. जळकोटपासून नांदेडपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला गादी-बादलीसकट येऊन दाखल होऊ लागली, तशी चाचांनी माडीवर आणखी चार खोल्या काढल्या, बारा पोरं ठेवली आणि जिन्यात ऑइलपेंटनं पाटी रंगवली : शांतता राखा. ही पाटी सगळ्यात आधी मोडली ती त्यांनीच. जिना चढताना कठडा वाजवल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे. पोरंही बिलंदर, त्या ठेक्यावर रसायनशास्त्राची समीकरणं पाठ करत. खालून चाची ओरडत, "बोर्ड पोरांसाठी हाय का तुमच्यासाठी?" त्यावर चाचा कठडा सोडून खिशातल्या किल्ल्या वाजवत.

असा हा माणूस एका सकाळी चहाची कपबशी उचलायला गेला आणि ती त्याच्या हातून पडली. अर्धांगाचा हलका झटका होता. बोलणं-चालणं सगळं शाबूत राहिलं, फक्त उजव्या हातातलं बळ गेलं. काठी धरवेना. ढोलकावर थाप मारली तर नुसता हात ठेवल्यासारखं वाटे. इतर कुणाचं झालं असतं तर आम्ही "हात वाचला हेच खूप" म्हणून मोकळे झालो असतो. पण त्यांच्या मुलीचं लग्न नांदेडच्या एका घरात ठरलं होतं, चार महिन्यांवर आलं होतं, आणि ती फ्रॉकमध्ये होती तेव्हा चाचांनी तिला शब्द दिला होता की तुझ्या मेंदीला दुसरं कुणी वाजवणार नाही, तुझा बापच वाजवेल. मुलगी त्याची आठवण करून देत नव्हती. तिनं आठवण करून दिली असती तर मला वाटतं चाचांना बरं वाटलं असतं.

एके दिवशी ते माझ्या खोलीत आले आणि काहीच न वाजवता खाटेवर बसले. मग म्हणाले, "सर, काठी धरवत न्हाई. पन बोटं हलून राहिलीत. बोटांवर वाजनारं कायतरी बघा." ऑर्केस्ट्रातल्या एका जुन्या दोस्तानं त्यांना एक पेटी दिली होती. तिच्यावर रबराचे सोळा चौकोन आणि वर आठ फिरत्या बटणांची रांग. पेटी स्वतः मुकी. ती वायरनं लॅपटॉपला जोडायची आणि कुठला चौकोन किती जोरात दाबला एवढंच ती आत कळवते. आवाज काढायचा तो आतल्या सॉफ्टवेअरनं, आणि ते आम्हाला निवडायचं होतं. मी क्लासमध्ये पडद्यावर आकृत्या दाखवतो म्हणून लॅपटॉपमधलं मला सगळं कळतं असा चाचांचा समज होता. तो दूर करायची माझी हिंमत झाली नाही.

मुलीसाठी त्यांनी इतकी स्थळं पाहिली नसतील इतकी सॉफ्टवेअरं आम्ही पाहिली, आणि चाचा प्रत्येकात वरबापाच्या थाटात खोट काढत. पहिल्यात जगभरचे ढोल भरलेले होते, नुसती यादी वाचता वाचता चहा निवला. "मला एक घोडा पाहिजे, तुमी तबेला दाखवून राहिले," चाचा म्हणाले. दुसऱ्यात खऱ्याखुऱ्या ढोलांचे टिपून ठेवलेले आवाज होते. मी खूश झालो. चाचांनी दोन चौकोन दाबले आणि हात काढून घेतला. "हे कुन्या दुसऱ्यानं वाजवलंय, सर. मी फक्त दाराची घंटी दाबून राहिलो." त्यांना तयार आवाज नको होता. आवाज तिथल्या तिथे घडवणारं, ढोलकाच्या दोरीतली कडी ओढून कातडं ताणावं तसा स्वर चढवता-उतरवता येणारं काहीतरी हवं होतं. पेटीवरच्या आठ बटणांना ते पहिल्यापासून कड्याच म्हणत.

तसं एक सापडलं, पण त्याच्या पडद्यावर एवढी चक्रं होती की चाचांनी ते विमान आहे असं जाहीर करून बंद करायला लावलं. त्यांची अट साधी होती : कडी एक, काम एक, आणि वाजवताना पडद्याकडे बघायची पाळी येता कामा नये. पडद्यावरचं चक्र निवडायचं, पेटीवरची कडी फिरवायची, की दोघांची गाठ पडते, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते हरखून गेले. याला ते सोयरीक म्हणू लागले. एका सॉफ्टवेअरनं लॅपटॉप बंद करून उघडल्याबरोबर सगळ्या सोयरिकी विसरून दाखवल्या. "सकाळी सुपारी फोडली अन् दुपारी वळख न्हाई. असल्या घरी लेक द्यायची न्हाई," म्हणून तेही गेलं. आणखी एक दिसायला देखणं होतं, पण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येई. इतका किंचित उशीर की मला कळत नव्हता. मी त्यांना सेकंदाचे हजार भाग समजावून सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तुमचा हिशेब बरोबर असंल, पन मी आत्ता बोललो अन् हा विचार करून उत्तर देऊन राहिला."

शेवटी जे पसंत पडलं ते दिसायला तलाठ्याच्या उताऱ्याइतकं रुक्ष होतं. करडा पडदा, आठच आवाज आणि प्रत्येकाला मोजकी चक्रं : स्वर कुठे असावा, तो किती वेळ रेंगाळावा, थापेचं टोक किती कडक असावं आणि त्यात खरखर किती. वाजवलेला ठेका पुन्हा पुन्हा फिरवणारं एक बटण, बस. त्यात हलक्या हाताला जोराच्या हाताइतका मान द्यायची सोय होती. चाचांनी उजव्या हाताचं मधलं बोट चौकोनावर नुसतं टेकवलं आणि हेडफोनमध्ये धम्म झालं. ते माझ्याकडे बघून इतके हसले की चाची वर आल्या.

तिथून चाचांच्या अंगात वारं शिरलं. दिवसभर कानावर हेडफोन आणि घरात चिडीचूप. बारा पोरांना पहिल्यांदाच अभ्यासाला शांतता मिळाली आणि त्यांचं लक्ष लागेना. मग एका दुपारी चाचांना वाटलं, मेंदीच्या मांडवात आवाज कसा लागतो हे एकदा बघावं. त्यांनी ऑर्केस्ट्राचा जुना मोठा स्पीकर जोडला, एक ठेका फिरता ठेवला आणि स्वराची कडी खाली, खाली, अगदी तळापर्यंत नेली. तिथे आवाज कानाला लागेनासा झाला. जमिनीला मात्र लागला.

आधी आमच्या मांडणीवरची ताटं बोलू लागली, मग शेजारची, मग समोरची. रिवाजाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. हाताला कणीक लागलेल्या बाया, अर्ध्या गालाला साबण लावलेलं न्हाव्याचं गिऱ्हाईक, बनियनवरचे बारा भावी डॉक्टर, सगळे पटांगणावर. सगळ्यांच्या पुढे, "बाहेर निघा, बाहेर निघा" असं ओरडत, स्वतः चाचा. आपण काय करून बसलोय याची त्यांना दाद नव्हती. भांडी वाजली, ते पळाले. मावशी बोट दाखवून माणसं मोजत होत्या. घराघरांतून अजून खणखण ऐकू येत होती. चाचांनी मान तिरकी केली, ओठ हलवत सहा मात्रा मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर," ते हळूच म्हणाले, "हा दादरा हाय."

गल्ली हसली, चिडली, पुन्हा हसली. साबणवाल्या गिऱ्हाइकानं तर दादऱ्यावर दोन पावलं टाकून दाखवली. पण मावशी मोजून झाल्यावर तिथेच मातीत बसल्या. ते चाचांनी पाहिलं. घरी येऊन त्यांनी पेटी कापडात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "शब्द गेला तर गेला. एखाद्याच्या काळजाला हात लावून मेंदी करायची न्हाई," म्हणाले. मुलीनं ऐकलं आणि ती आत गेली. मी समजावलं, चाचींनी समजावलं, पोरांनी शिष्टमंडळ आणलं. आठवडाभर त्या घरात काहीच वाजलं नाही. टाकीतलं पाणी संपलं तेसुद्धा नळ कोरडा पडल्यावर कळलं.

आठव्या दिवशी मावशी मुलीच्या मेंदीचा शिवलेला कपड्यांचा जोडा घेऊन आल्या. जोडा दिला, पाणी प्यायल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाईजान, गावाकडं तवा मी मोजायला बसले अन् मानसं कमी भरली. लई कमी. परवा मोजली तर समदी भरली. मी त्याच्यापायी बसले खाली, भ्याले म्हनून न्हाई." चाचा खाली मान घालून ऐकत होते. "वाजवा," मावशी म्हणाल्या, "पन आदी सांगून वाजवा." तेवढं बोलून त्या निघून गेल्या. पेटी माळ्यावरून मीच काढली, आणि चाचांना दिसू नये म्हणून डोळ्यांत धूळ गेल्याचं निमित्त केलं.

मेंदीच्या दुपारी पटांगणावर मांडव पडला. चाचांनी दारोदार जाऊन सांगितलं होतं, त्यामुळे बायांनी भांडी मांडणीवरून उतरवून जमिनीवर ठेवली होती. चाचा पेटीपुढे मांडी घालून बसले, मी लॅपटॉपशी. पहिल्या गाण्याला त्यांनी मांडव डोक्यावर घेतला. डावा हात ठेका धरायचा, उजव्याची दोन बोटं नुसती टेकायची आणि मधूनच कडीवर जाऊन स्वर असा खेचायची की म्हाताऱ्या बायकाही डोलू लागायच्या. दुसऱ्या गाण्याला नांदेडहून आलेल्या पाहुण्या विचारू लागल्या, ढोलकवाला कुठला बोलावला. तिसऱ्या गाण्यात मध्येच त्यांचा उजवा हात थकला. बोटं चौकोनावर होती, पण उचलत नव्हती. ठेका लंगडा झाला. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि एकट्या डाव्या हातानं वाजवू लागले. ठेका निम्म्यावर आला.

मुलगी मेंदीचे दोन्ही हात पुढे धरून बसली होती, टाळी देणं तिला शक्य नव्हतं. ती गात होती. तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि गाण्याची चाल ओढून त्यांच्या हाताइतकी संथ केली. तिच्या शेजारी बसलेल्या मावशींनी टाळी संथ केली. मग बाजूच्या बायांनी, मग पाहुण्यांनी, मग मागे उभ्या असलेल्या पोरांनी. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं सगळा मांडव एका म्हाताऱ्याच्या डाव्या हाताच्या चालीनं चालला होता. चाचांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना काही कळलं की नाही, मला माहीत नाही. ते गाणं संपायला फार वेळ लागला, आणि ते संपावं असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. सकाळी लग्न लागलं की मुलगी नांदेडला जाणार होती.