मशिनीपुढचं गाऱ्हाणं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला सावंतवाडीतल्या एका काजू बागायतदार संस्थेत मी कॉम्प्युटरवर नोकरीला लागलो. बाहेर तीन टर्मिनल आणि आतल्या खोलीत मुख्य मशीन, म्हणजे आजचा सर्व्हर. त्याला आम्ही चपला काढून भेटायला जायचो.

कलमं वाटण्यासाठी कुठल्या सभासदाची कुठली जमीन, हे मशीनने सांगायचं होतं. मी क्वेरी, म्हणजे मशीनला विचारायचा प्रश्न, लिहून बटण दाबलं. डिस्क घरघरली, टर्मिनल गोठले, मशीन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. वायरी हलवल्या, व्होल्टेज तपासलं. बाकीची कामं ते निमूट करायचं, माझी क्वेरी आली की मान टाकायचं.

दुपारी अध्यक्ष आले. "सांजेपर्यंत चलला नाय तर मशीन परत धाडतलंय. मगे तुजा तरी हंय काय काम?"

माझं लग्न याच नोकरीच्या जोरावर जुळलं होतं.

हेडक्लार्क म्हणाले, "गाऱ्हाणा घालूया." अडचणीत देवाला साकडं घालायची आमच्याकडची रीतच ती. मशीनपुढे नारळ ठेवला. सगळे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, इन्सुलीच्या वरच्या वाडीचो, आंब्याखालच्या घरातलो, मास्तरांचो झील आज अडचणीत पडलो आसा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मास्तरांचा झील, म्हणजे मुलगा, तो मीच.

आणि मला हसू फुटलं. एवढा पत्ता कशाला, तर आमच्या अर्ध्या गावाचं आडनाव एकच, देवाचासुद्धा घोटाळा व्हायचा! आणि मी शहाण्याने माणसं आणि जमिनी जुळवल्या होत्या गाव आणि आडनावावरून. म्हणजे प्रत्येकाला सगळ्या भाऊबंदांच्या जमिनी. कोर्टात पिढ्यानपिढ्या भांडून जे कुणाला जमलं नाही, ते मी एका क्वेरीत सगळ्यांना देऊन टाकत होतो. तो ढीग डिस्कवर मावेना, म्हणून मशीन कोसळत होतं.

"ह्येच्या आंगात इला की काय?" हेडक्लार्क दोन पावलं मागे सरले.

हसतहसतच मी टर्मिनलवर बसलो. क्वेरीत वाडी घातली, घर घातलं, बापाचं नाव घातलं. बटण दाबलं. डिस्क घरघरली, थांबली, आणि प्रिंटर कर्कश ओरडू लागला. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

अध्यक्षांनी कागदावर आपलं नाव शोधलं. पुढे त्यांचीच जमीन होती, चुलत्याची नव्हती. जरा हिरमुसलेच असावेत.

"देवान आयकल्यान," ते म्हणाले. "मशीन ऱ्हवांदे. आणि ह्योव ऱ्हवांदे."

नोकरी टिकली, तशी मी तिथल्या तिथे दोन दिवसांची रजा मागितली. लग्नाची तारीख काढायला जायचं होतं.