काकूंचा फोटो आणि काकांचा दिवा

जगातली एकही वस्तू तिच्या योग्य जागी नाही, या एका श्रद्धेवर आमचे शेजारचे काका आजवर जगत आले आहेत. नोकरी संग्रहालयात मांडणी करण्याची. मूर्ती कुठे ठेवायची, तिच्यावर उजेड किती पाडायचा, खाली पाटी कोणती लावायची, यात हयात गेली. ते निवृत्त झाले तेव्हा मूर्ती सुटल्या आणि आमची गिरगावातली चाळ तावडीत सापडली. चहाला आले की कपबशी टेबलाच्या मधोमध सरकवणार, मागे जाऊन डोळे बारीक करून बघणार आणि मग गार चहा पिणार. एकदा त्यांनी आमचा टवका उडालेला वरवंटा गॅलरीत लाल फडक्यावर उभा करून वर पिवळा दिवा सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर हळदकुंकू आणि जास्वंद! काका खूश. "वस्तू काही करत नाही रे, जागा करते सगळं."

गेल्या वर्षी परळच्या हॉस्पिटलात काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अजून शुद्ध यायची होती. डॉक्टरांनी काकांना आंघोळ करून या म्हणून घरी पिटाळलं. रिकामं घर खायला उठलं, म्हणून हाताला चाळा हवा. त्यांनी काकूंचा एक हसरा फोटो मोठ्या फ्रेममध्ये घातला, भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली, मधोमध फोटो टांगला, वरून तोच दिवा सोडला आणि दार उघडं टाकून मोरीत शिरले.

चौकशीला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी ते दृश्य बघून जो हंबरडा फोडला, त्याने सगळा मजला गोळा झाला. मीही धावलो आणि फोटो बघून चपला दाराबाहेरच काढल्या. कोणीतरी देवघरातला हार आणून फोटोला घातलाही. एवढ्यात काका पंचा गुंडाळून बाहेर आले. हार पाहिला, रडणारी माणसं पाहिली आणि भिंतीला टेकले.

"कधी?" त्यांनी मला विचारलं. "फोन कोणाला आला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन कोणालाच आला नव्हता! मी हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "अहो, पेशंट आत्ताच शुद्धीवर आल्यात. मिस्टर जेवले का, विचारतायत." आजी रडता रडता हसायला लागल्या. काका मात्र पंचाच्या टोकाने डोळे पुसत राहिले.

काकू घरी आल्या त्या दिवशी मी डोकावलो. त्या खाटेवर वेड्यावाकड्या रेलून मटार सोलत होत्या. पदर घसरलेला, अर्धं तोंड अंधारात, पुढ्यात टरफलांचा पसारा. काका समोर नुसते बसले होते. मी दिव्याकडे हात नेला, तर हळूच म्हणाले, "राहू दे रे. काही हलवू नकोस."