खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

शहापुरातल्या त्या साडी कंपनीत परशरामअण्णांचा कुणावरच विश्वास नव्हता. अपवाद एकच, जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर. बावीस वर्षांपूर्वी अण्णांनीच तो बसवून घेतला. बिलं, साठा, गिऱ्हाइकं, सगळं त्याच्या पोटात, आणि खोलीची किल्ली अण्णांच्या करगोट्याला.

खंडेनवमीला शेजारच्या वडगावचे साड्यांचे माग थांबतात, पुजले जातात. अण्णाही सर्व्हर बंद करून त्याला हळदकुंकू वाहायचे. लगेच वरून हाक यायची, "अण्णा, बिल निघंना!" मग अण्णा मुद्दाम सावकाश नारळ फोडायचे. त्या हाकेची गोडी खोबऱ्यापेक्षा जास्त होती, हे कबूल करायला हवं.

यंदा मालकांची सून शाल्मली हिनं साड्या ऑनलाइन विकायला काढल्या. बेंगळुरूहून दोघे लॅपटॉपवाले आले, चहा पिऊन गेले, आणि अण्णांच्या मनात पाल चुकचुकली. खोलीतला एसी बंद झाला. पासवर्ड विचारायला कुणी फिरकेना. रोजचा बॅकअप, म्हणजे दिवसभराच्या नव्या नोंदींची नक्कल, पंधरा मिनिटं चालायचा, तो आता चुटकीसरशी संपायला लागला.

"वैनी, सर्व्हर काढायचा हाय काय?" त्यांनी एकदा विचारलंच.

"छे हो अण्णा! काय काळजी करू नका."

असं कुणी म्हटलं की अण्णांना हमखास काळजी लागायची. घरी ते बायकोला म्हणाले, "माझ्या पाठीमागं कायतरी शिजायलंय बघ."

"तुमास्नी मांजर आडवं गेलं तरी कुणीतरी सोडलंय वाटतंय," सोनाबाई म्हणाल्या.

खंडेनवमी आली. वर ऑर्डरींची झुंबड उडालेली. आज खरं-खोटं कळेलच, असं म्हणत अण्णांनी सर्व्हर बंद केला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि जिन्याकडे कान लावून बसले.

उदबत्ती संपली. वर मोबाईल वाजतच होते, बिलांचा प्रिंटर खरखरतच होता. हाक काही आली नाही. सगळा कारभार केव्हाच इंटरनेटवरच्या दुसऱ्या यंत्रांवर गेला होता आणि अण्णा रिकाम्या डब्याची राखण करत होते. त्यांना रडूच आलं.

डोळे पुसून ते वर गेले आणि शाल्मलीच्या टेबलावर किल्ली ठेवली. "वैनी, ही घ्या."

ती ओशाळली. मग हळूच किल्ली परत सरकवत म्हणाली, "राहू दे की अण्णा तुमच्याकडंच. ती आता कुणाला लागत न्हाय."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच अण्णांना कुणाच्या बोलण्याचा संशय आला नाही.