पेवातला वारा
आंबलेल्या ज्वारीचा वास आला की मला तामलवाडीतलं आमचं पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आठवतं. रझाकारांच्या धास्तीनं गाव निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडं निघालं होतं. वाटेत पोटाला ज्वारी हवी होती आणि ती अंगणाखालच्या पेवात होती. पेव उघडलं की रात्रभर तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून तो जळत राहतो का बघायचं, ही आमच्याकडची रीत. पण थांबायला वेळ कुणाला होता? पेवावरचा दगड सरकवला तशी कोंदट, आंबूस वाफ तोंडावर आली. वडिलांनी सोडलेला कंदील खाली जाताच विझला. आई म्हणाली, "अवो, उतरू नगा, कंदील इझला." "वाऱ्यानं इझला आसंल. गाड्या निघाल्यात," म्हणत वडील दोर धरून उतरले. एकदा खोकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आईनं दोराला गोधडी बांधली आणि वारं आत जावं म्हणून ती पेवात खालीवर हलवू लागली. चुलत्यानं श्वास कोंडून उतरून वडिलांना वर काढलं. ओठ जांभळे पडले होते, जीव गेला होता. आई मात्र गोधडी हलवतच होती. शेवटी तिचे हात धरावे लागले. पुढं मी जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक झाले. परवा प्रयोगशाळेत बंद पेटीतला प्राणवायू कमी करून पेशी कशा तग धरतात ते दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्या अजून किती वेळ जगतील?" उत्तर द्यायच्या आधीच माझ्या हातांनी झाकण उघडलं होतं.