पोरीची न लिहिलेली साखर

माझ्या मुलीला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती चौथीत होती. म्हाताऱ्यांना होते ती साखर नव्हे. रोज सुई घ्यावी लागते, आणि ती चुकली तर जीवच जातो, ती साखर. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "विमा काढून ठेवा, पुढं लागेल."

आम्ही गोंडपिपरीतले बांगडीवाले. माझे मालक तीनचाकी गाडीत माल भरून आठवडी बाजार करायचे. मी टोपली घेऊन घरोघरी जायची. विम्यासाठी आम्ही चंद्रपूरला दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी बाई गोड बोलली. तुम्हा दोघांचा निघेल, म्हणाली, फक्त मुलीला वगळून. दुसऱ्या ठिकाणी मुलीसकट काढायला तयार होते, पण हप्ता असा सांगितला की मालकांनी पाणी मागितलं आणि न पिताच उठले. परतताना बसमध्ये मुलीनं विचारलं, "अम्मी, मले नाई घेत काऊन?" मी खिडकीबाहेर सागवनं बघत बसली.

तेव्हा आमच्या गल्लीतला एजंट घरी आला. आधी पतसंस्थेत होता, मग विमा विकायला लागला. त्याच्या बायकोच्या, पोरीच्या हातात मीच बांगड्या भरायची. तो म्हणाला, "भाभी, मी बसवून देतो. तुमाले झेपन असाच हप्ता."

फॉर्म इंग्रजीत होता. तो भरत होता आणि मी चहा गाळत होती. मी म्हटलं, "भाऊ, पोरीची साखर लिहा."

"लिहिली."

मी कप ठेवताना पुन्हा विचारलं. तो हसला. "लिहिली ना भाभी. तुमी सही करा."

तीन वर्षं आम्ही तो हप्ता भरला. तोसुद्धा झेपत नव्हताच. बकऱ्या विकल्या. ईदला मुलीचे तेवढे कपडे घेतले, आमचे नाही. पण झोप लागायची. काही झालं तर दवाखाना आहे, असं वाटायचं.

चौथ्या वर्षी थंडीत मुलीला ताप आला. दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या, श्वास भराभर चालला, तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. मालकांनी तिला बाजाराच्या गाडीतच बांगड्यांच्या पेट्यांवर गोधडी टाकून निजवलं आणि आम्ही चंद्रपूर गाठलं. खासगी दवाखान्यात लगेच आत घेतलं. मी काउंटरवर विम्याचं कार्ड ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलानं कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. आधीपासूनचा आजार लपवला, म्हणून पैसे मिळणार नाहीत. मी म्हटलं, लपवला नाही, सांगितला होता. त्यानं संगणक माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. "इथं 'नाही' लिहिलंय. खाली सही तुमची."

मी तिथूनच एजंटला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "भाभी, तुमी मले सांगतलंच नाई."

मी ओरडली नाही. फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसली. पोरीच्या आजारानं रडली होती, त्या वाक्यानं रडू आलं नाही. ते वाक्य मी जिन्यातच पाठ केलं. अजून पाठ आहे.

पोरगी वाचली. दवाखान्याच्या बिलात गाडी गेली, माल गेला. मालक चंद्रपूरला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागले. ते म्हणायचे, "जाऊ दे, अल्ला बघून घेईल." मी म्हणायची, "तो बघेल तेव्हा बघेल."

सुरुवातीला त्याच्या घराच्या काचा फोडाव्या असं रोज वाटायचं. मग लक्षात आलं, माझ्याकडे दगडापेक्षा चांगली वस्तू आहे. गोंडपिपरीत असं घर नाही जिथं बाई माझ्यासमोर हात पुढे करून बसत नाही. बांगडी चढवताना हात सोडवून उठता येत नाही. मी एकेक बांगडी सरकवायची आणि सांगायची. कोण आला, मी काय बोलली, तो काय बोलला, पोरगी गोधडीवर कशी पडली होती. एक शब्द वाढवला नाही. गरजच नव्हती.

त्याची मोटरसायकल कुणाच्या दारात दिसली की मी टोपली घेऊन त्याच घरात शिरायची. बसायची, पाणी मागायची. तो कागद काढायचा आणि मी घरच्या बाईला म्हणायची, "बाई, आजार असन तर त्याच्या हातानं लिहू नको देऊ, तुझ्या पोराच्या हातानं लिही." त्याचा चहा तसाच राहायचा. एकदा तो बाहेर येऊन म्हणाला, "भाभी, माझ्या पोटावर काऊन उठल्या?" मी म्हटलं, "भाऊ, मी तर बांगड्या विकून राह्यली." त्या दिवशी मला खूप दिवसांनी दोन्ही वेळा भूक लागली, इतकं बरं वाटलं.

तो खेड्यांकडे वळला. मीही तिकडचे बाजार धरले.

दोन वर्षांनी त्याची बायको माझ्या दारात आली. पोरीचं लग्न ठरलं होतं. "राजुऱ्याची बांगडीवाली बोलावतो म्हटलं, तर पोरगी ऐकत नाई," ती म्हणाली. "लहानपणापासून तुमच्याच हातच्या भरल्या. चुडा त्यायच्याच हातचा पाह्यजे म्हणते."

मी गेली. मालकांनी अडवलं तरी गेली.

अंगणात बायका दाटीनं बसल्या होत्या. नवऱ्याकडच्याही आल्या होत्या. नवरी समोर पाटावर. मी हिरव्या बांगड्यांची माळ सोडली, तिचा हात हातात घेतला आणि थांबली.

"आधी तुझ्या बाबाले बोलाव," मी म्हटलं.

तो आला. हातात टॉवेल होता, तो चुरगाळत उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता बोलली. "भाऊ, माझ्या पोरीची साखर मी तुमाले सांगतली होती का नोती सांगतली, एवढं बोला. मग चुडा भरते."

 एक म्हातारी म्हणाली, "शुभ कामात हे कायले वो?" मी हात सोडला नाही.  नवरीचं मला वाईट वाटलं, पण मी थांबून राहिली.

शेवटी तीच बोलली. "बाबा, सांगून द्या ना."

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "सांगतलं होतं," तो म्हणाला. "दोनदा सांगतलं. मीच लिहिलं नाई. लिहिलं असतं तर कंपनी घेत नोती."

"आणि तुमचं कमिशन?"

"तेबी गेलं असतं."

होणाऱ्या विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच्याकडे असं बघितलं की मला आणखी काही बोलावं लागलं नाही. मी चुडा भरला. एक बांगडी फुटू दिली नाही. नवरीच्या गालावरून हात फिरवला, मनापासून फिरवला. त्यांनी दिलेली साडी परत ठेवली आणि बांगड्यांचा पूर्ण भाव मागून घेतला.

त्यानं तेच कंपनीविरुद्धच्या तक्रारीसाठी लिहून दिलं असतं तर कदाचित काही हाती लागलं असतं. ते मात्र त्यानं दिलं नाही. कंपनी सहीवर अडून बसली ती बसलीच.

आता मुलगी बारावीत आहे. गेल्या वर्षी तिनं स्वतःच विमा शोधला. साखर आहे हे पहिल्याच रकान्यात लिहिलं. हप्ता आमच्या कुवतीच्या बाहेरचा आहे, साखरेचं काही झालं तर अजून दोन वर्षं पैसे मिळणार नाहीत, तरी भरतो. मालक रविवारीही कामाला जातात. मी दुपारची झोप सोडली आणि लांबची गावं धरली.

एजंटनं विम्याचं काम सोडलं. बसस्टँडजवळ खताचं दुकान टाकलंय. मुलगी म्हणते, "अम्मी, झालं ना आता? त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं. सोड." मी तिला हो म्हणते.

परवा एका नव्या सुनेच्या घरी गेली होती. तिनं विचारलं, "ताई, त्या बसस्टँडजवळच्या दुकानातलं खत चांगलं असते का?" मी तिचा हात गुडघ्यावर घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.